‘सगळे वॉटर ब्लॉक सारखेच’ सांगणाऱ्या त्या मेसेजमधले सात मुद्दे

“मामा, हे वाच आणि मग सांग कुठला ब्लॉक घेऊ,” म्हणून भाच्याने पाठवलेल्या मेसेजवर आधीच ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का होता. ‘प्रोसेसरच्या वॉटर ब्लॉकबद्दल कंपन्या लपवतात ती सात सत्यं.’ (वॉटर ब्लॉक म्हणजे प्रोसेसरवर बसणारी धातूची प्लेट, तिच्यातून फिरणारं पाणी त्याची उष्णता घेऊन जातं.) ती सत्यं अशी: ब्लॉक सगळे सारखेच, स्वस्तातला घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो ‘उष्णता लवकर सोडतो’, पंप हळू चालवा, म्हणजे पाण्याला उष्णता ‘पिऊन घ्यायला’ वेळ मिळतो, निकेलचा मुलामा पाच अंश खातो, नळाचं पाणी आणि दोन झाकणं ब्लीच पुरे, पाणी ब्लॉकमध्ये कुठूनही सोडा, साफसफाई स्पिरिटने करा. सातातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा मात्र अख्ख्या लूपची, म्हणजे ब्लॉक, पंप, नळ्या आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणाऱ्या साखळीची, वाट लावतो, म्हणून आधी तोच.

औष्णिक वाहकता तांब्याची सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची २३७, आणि ज्यातून ब्लॉक कोरतात त्या ६०६१ मिश्रधातूची १६७च्या आसपास. म्हणजे तांब्याच्या निम्मीसुद्धा नाही. ‘लवकर सोडतो’ हा भास कुठून येतो? अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात त्याच आकाराच्या तांब्यापेक्षा कमी उष्णता साठते, त्यामुळे तो हातात लवकर गार होतो. पण ब्लॉकला उष्णता साठवायची नसतेच. प्रोसेसरकडून दर सेकंदाला येते तेवढी पाण्यापर्यंत पोचवायची असते.

अंशांचा फरक एक वेळ सोडून देऊ. खरा घात पुढे आहे, कारण वेगळा विकत मिळणारा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) बहुधा तांब्याचा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा प्रमाण विद्युतविभव उणे १.६६ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४. दोन्ही एकाच पाण्यात आले की झिजणार कोण हे ठरलेलं आहे: ज्याचा विभव उणे तो. मेसेजकर्ता म्हणतो, ‘मध्ये रबरी नळी आहे, धातू एकमेकांना लागतच नाहीत.’ लागतात. ब्लॉकचे स्क्रू मदरबोर्डच्या ग्राउंडला, मदरबोर्ड कॅबिनेटला आणि रेडिएटर त्याच कॅबिनेटला, असं कनेक्शन बऱ्याचदा पूर्ण होतं. आणि समजा नाही झालं, तरी सुटका नाही. तांब्याचे आयन पाण्यात उतरतात, वाहत जाऊन अ‍ॅल्युमिनियमवर बसतात, आणि बसल्या जागी एकेक छोटी बॅटरी तयार होते. त्या ठिपक्याभोवती खड्डा पडत जातो. अ‍ॅनोडाइज केलेला (विजेने चढवलेला ऑक्साइडचा) थर थोडे दिवस तग धरतो, पण फिटिंगच्या आट्यांपाशी तो खरवडला गेला की गंज तिथूनच आत शिरतो.

खड्ड्यातून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड पांढऱ्या जेलीसारखं असतं. ब्लॉकच्या फिनमधली (आतल्या पातळ पात्यांमधली) फट पाव मिलिमीटरच्या आसपास. जेली जाऊन अडकते ती तिथेच. ओळखायचं कसं? पाणी गढूळ होतं, प्रवाह घटतो, आणि तेवढ्याच वॅटला प्रोसेसर आणि पाणी यांच्या तापमानातला फरक वाढत जातो. पाण्याचं स्वतःचं तापमान चढलं असेल तर दोष रेडिएटरचा, पंख्याचा किंवा धुळीचा. पाणी नेहमीसारखं आणि फक्त फरक वाढलेला असेल तर ब्लॉक तुंबलाय किंवा प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधली पेस्ट गेली. उलट जोडी, म्हणजे ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, आणखी वाईट, कारण रेडिएटरच्या नळ्यांची भिंत पातळ असते. ती आरपार गेली की पाणी थेट ग्राफिक्स कार्डवर. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकखाली कुणी पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावलं तर बघायलाच नको: त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला ठिसूळ करून टाकतं.

घेतलेला ब्लॉक कशाचा आहे हे रंगावरून कळत नाही, कारण निकेल चढवलेलं तांबंही पांढरंच दिसतं. चुंबकानेही खात्री होत नाही. वजन करा. ५० × ५० × ५ मिमीची प्लेट तांब्याची असेल तर ११२ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ३४. आकार वेडावाकडा असेल तर वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा आणि प्लेट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकती धरा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढं तिचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. उत्तर ९च्या जवळ आलं तर तांबं, पावणेतीनच्या जवळ आलं तर परत करा. रिझर्व्हॉयरचं (पाण्याच्या टाकीचं) झाकण आणि फिटिंगही तपासा. निकेल चढवलेली पितळी फिटिंग तांब्याबरोबर चालतात, अ‍ॅल्युमिनियमची नाहीत.

‘मग बंद एआयओ (ऑल-इन-वन) कूलरमध्ये तांब्याची प्लेट आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर कसे नांदतात?’ असं मेसेजमध्ये विजयी सुरात विचारलंय. हो, बहुतेक एआयओमध्ये हीच जोडी असते, हे मान्य. पण ते कारखान्यात गंजरोधक घातलेल्या द्रवाने भरून सील केलेले असतात आणि वरून कुणी नळाचं पाणी ओतत नाही. इतकं करूनही काही वर्षांनी त्यातल्या काहींच्या फिनमध्ये गाळ सापडतोच. घरी उघड्या लूपमध्ये तेच करायला जाणं म्हणजे हौसेने आजार विकत घेणं.

आता ‘हळू पाणी’. हा मुद्दा तर मरता मरत नाही. याचा निकाल १९८१ सालीच लागलाय. स्टॅनफर्डमधल्या टकरमन आणि पीज यांनी त्या वर्षी आयईईई इलेक्ट्रॉन डिव्हाइस लेटर्समध्ये एक शोधनिबंध छापला. सिलिकॉनच्या चकतीत सुमारे ५० मायक्रॉन रुंद आणि ३०० मायक्रॉन खोल खाचा कोरून त्यांनी त्यातून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता काढली. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा पृष्ठभाग तापला फक्त ७१ अंशांनी. आता हिशेब करा. एक चौरस सेंटिमीटर चकतीतल्या सगळ्या खाचांमध्ये मिळून पाणी मावतं ०.०१५ घनसेंटिमीटरच्या आसपास, आणि वाहत होतं दर सेकंदाला काही घनसेंटिमीटर. म्हणजे पाण्याचा एकेक कण आत थांबला काही सहस्रांश सेकंद. उष्णता ‘पिऊन घ्यायला’ त्याला तेवढा वेळ पुरला.

आपल्या लूपचा हिशेब तर आणखी सोपा. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला ४,१८६ जूल प्रति अंश. प्रोसेसर २५० वॅट ओततोय असं धरा. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर ब्लॉकमधून बाहेर पडताना पाणी ०.९ अंशांनी तापतं, १ लिटर असेल तर ३.६ अंशांनी, आणि ०.३ लिटरवर आणलंत तर १२ अंशांनी. ते तापलेलं पाणी प्रोसेसरच्याच उरलेल्या भागाखालून जातं. शिवाय वेग घटला की तांब्याकडून पाण्याकडे उष्णता जाण्याचा दरही पडतो. गैरसमज रेडिएटरच्या टोकाला जन्मतो: प्रवाह हळू केला की बाहेर पडणाऱ्या नळीला हात लावल्यावर ती गार लागते. लागणारच. पण आत जाणारी नळी तितकीच जास्त तापलेली असते, तिला कुणी हात लावत नाही.

उलट टोकही नको. चार लिटरच्या पुढे मिळतो तो जवळजवळ आवाजच, आणि पंपाची स्वतःची उष्णता; डी५ पंप पूर्ण वेगाने वीसेक वॅट खातो. रात्री शांतता हवी म्हणून पंप थोडा कमी केला तर फारसं बिघडत नाही. पण ‘फारसं बिघडत नाही’ आणि ‘त्याने जास्त थंड होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

‘सगळे ब्लॉक सारखेच’ हा तो अर्धा खरा मुद्दा. नामांकित तांब्याच्या ब्लॉकांमध्ये, तोच प्रवाह आणि तेच वॅट ठेवले तर, बहुधा दोन-तीन अंशांचाच फरक निघतो. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका, हे मीही सांगेन. पण मेसेजमधला पुरावा बघा: ६५ वॅटचा प्रोसेसर, दोन मिनिटांची चाचणी, फरक एक अंश. ब्लॉकमधला फरक वॅटला गुणून मोजायचा असतो. ६५ वॅटला एक अंश म्हणजे २३० वॅटला साडेतीन. आणि दोन मिनिटांत लूप स्थिरावतच नाही. लूपमध्ये लिटरभर पाणी असेल तर २०० वॅटला ते १० अंश चढायलाच साडेतीन मिनिटं लागतात, तीही रेडिएटर बंद असताना. लोड लावून अर्धा तास थांबा, प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं नव्हे, पाण्याचं तापमान वजा करा, आणि ब्लॉक काढून, पेस्ट पुसून, नवी लावून निदान तीनदा बसवा. एकाच ब्लॉकच्या दोन बसवण्यांत एखाद-दोन अंश सहज इकडेतिकडे होतात. अशा वेळी एक अंशाचा स्क्रीनशॉट काय सिद्ध करणार?

फरक पडतो तो कुठे? टकरमन-पीज यांचंच गणित: संथ प्रवाहात फट निम्मी केली की उष्णता घेण्याचा दर दुप्पट होतो, पण पाण्याचा वेग तोच ठेवायला दाब चौपट लागतो. बारीक फिनचा ब्लॉक आणि कुंथणारा पंप ही जोडी म्हणूनच जमत नाही, आणि मेसेज तर पंप हळूच चालवायला सांगतो. दुसरं, बसवणं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या चिपलेट (आतले सिलिकॉनचे तुकडे) त्याच्या धातूच्या झाकणाच्या मधोमध नसतात, एका कडेला असतात, म्हणून काही ब्लॉकबरोबर सरकवून बसवायची पट्टी येते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची पकड झाकणाला मध्ये किंचित खोलगट करते, तिथे तळ जरासा फुगीर असलेला ब्लॉक जास्त चांगला टेकतो. त्या सॉकेटची भोकं ७८ मिमीवर आहेत, आधीची ७५वर होती. जुनी पट्टी ‘ओढून’ बसवू नका.

निकेलचे पाच अंश? दहा मायक्रॉनचा थर धरा, वाहकता ९०, आणि ०.७ चौरस सेंटिमीटरच्या चिपलेटमधून १०० वॅट. फरक येतो ०.१६ अंश. त्याच्या खाली पन्नास मायक्रॉन जाडीची, ५ वाहकतेची पेस्ट असते, ती त्या मुलाम्याच्या नव्वदपट उष्णता अडवते. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर फिनवर बसतो आणि क्लोराइड गंजाला आमंत्रण देतं. ब्लीच तर तांबं आणि निकेल दोन्ही खातं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक, किंवा सरळ तयार कूलंट. संपला विषय.

‘कुठूनही सोडा’ हे काही ब्लॉकना चालतं, पण ज्यात जेट प्लेट असते त्यांना नाही. त्यात पाणी एका चिंचोळ्या फटीतून फिनच्या मध्यावर आदळून दोन्ही बाजूंना फुटायला हवं. नळ्या उलट्या जोडल्या की हा खेळच मोडतो आणि काही अंश फुकट जातात. ‘इन’ कुठे आहे ते ब्लॉकवर किंवा कागदावर छापलेलं असतं, तेवढं वाचा.

राहिलं स्पिरिट. तांब्याच्या तळावरची पेस्ट पुसायला ते ठीक. पण ब्लॉकचं पारदर्शक झाकण बहुधा अ‍ॅक्रिलिकचं असतं, आणि स्क्रूच्या ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की भोकांभोवती केसासारख्या चिरा पडतात. ब्लॉक उघडण्याआधी जेट प्लेट कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा. फिन मऊ टूथब्रशने, फटींच्या दिशेनेच घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) खोबणीत पूर्ण बसली का ते बोटाने चाचपा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. मग लूपमध्ये पाणी न भरता अर्ध्या बारचा हवेचा दाब देऊन अर्धा तास दाबमापकाचा काटा बघा. काटा हलला तर ब्लॉक परत उघडा.