खुलासा : थंडीत फळमाशीचे सापळे काढू नका

'थंडी पडली की कारल्या-दोडक्यावरची फळमाशी मरते, आता थेट पावसाळ्यात येईल, सापळे काढून ठेवा' असा मेसेज दिंडोरी-निफाडच्या ग्रुपवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे, माफ करा.

निफाडच्या कडाक्याच्या थंडीत माशी मंदावते, सापळ्यात कमी दिसते. पावसाळ्यात तिचा जोर जास्त, हेही खरं. पण वेलवर्गीय पीक उभं असलं की ती वर्षभर तग धरते. काल बांधावर टाकलेलं एक वाकडं, पिवळं पडलेलं कारलं चिरलं, आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वेलाखालची माती उकरली तर गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोष निघाले. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी लागवड झाली, ऊब वाढली, की यांतूनच निघालेल्या माश्या कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालणार. अळी फळाच्या आत, तिथं फवारा पोचत नाही.

सापळे फुलं लागतानाच हवेत आणि ते क्यूल्यूरचे, म्हणजे कारल्याच्या नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या द्रव्याचे. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉल या दुसऱ्या वासाचा सापळा कारल्याच्या माशीला चालत नाही. किडकी फळं बांधावर न टाकता खोल पुरा.

जुना मेसेज कृपया थांबवा. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.