फेस आला म्हणजे जंतू मेले?

काल रात्री बहिणीचा फोन आला. सहा वर्षांच्या भाच्याचा कान तीन आठवडे वाहतोय आणि मावशीने तिला ‘फुटलेल्या कानावर रामबाण उपाय’ पाठवलाय. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाच थेंब सोडा, फेस आला की जंतू मेले. ते नसेल तर जखम धुवायचं कुठलंही अँटिसेप्टिक चालतं, बाहेरूनच घालायचं म्हणून अपाय नाही. अँटिबायोटिक ड्रॉप्स हा निव्वळ धंदा. शेवटी लसणाचं तेल. पेरॉक्साइडची बाटली बहिणीने आणूनही ठेवली होती. “दादा, टाकू ना?”

नको! अपाय नाही म्हणे. अहो, कान फुटला म्हणजे पडद्याला भोक पडलं. वरून सोडलेला थेंब तिथून मधल्या कानात उतरतो, आणि त्याच्या पलीकडे ऐकू येण्याचं सगळं नाजूक यंत्र आहे. मध्ये असतो एक पातळसा पापुद्रा. जखमा धुवायच्या काही द्रावणांत क्लोरहेक्सिडिन असतं. ते आत झिरपलं तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. पडद्याच्या ऑपरेशनआधी त्याने कान स्वच्छ केलेल्या रुग्णांना असं बहिरेपण आल्याची नोंद १९७१ सालीच छापून आली आहे.

आता तो फेस. पेरॉक्साइड फसफसतं ते कॅटलेज नावाच्या एन्झाइममुळे. ते रक्तात असतं, पुवात असतं आणि वाहत्या कानात नेहमी सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास या जंतूंच्या अंगातही असतं. पेरॉक्साइड मोडून टाकायला त्यांना तेच कामी येतं. मग फेस बघून कोण मेलं ते कसं ठरवणार? नुकत्याच कापलेल्या स्वच्छ बोटावर टाकलं तरी फेस येतोच.

धंद्याचं म्हणाल तर पश्चिम केनियात कान वाहणाऱ्या ४२७ शाळकरी मुलांवर झालेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. निम्म्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे थेंब, निम्म्यांना अल्कोहोलमधलं बोरिक अॅसिड, म्हणजे अँटिसेप्टिकच. दोन आठवड्यांनी पहिल्या गटात ५९ टक्के मुलांचे कान कोरडे झाले, दुसऱ्यात ३२ टक्के. सिप्रोफ्लॉक्सासिन काही महागडं औषध नाही, साध्या मेडिकलमध्ये मिळतं.

एवढं मात्र मान्य करायला हवं की अँटिसेप्टिक कानात कधीच चालत नाही असं नाही. वेल्लोरच्या एका छोट्या अभ्यासात पोव्हिडोन आयोडीनचे थेंब सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तोडीस तोड ठरले होते. पण ते कान तपासून, ठरावीक प्रमाणात, डॉक्टरांनी दिलेले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मोजलेले नव्हते.

लसणाच्या तेलाबद्दल काय बोलणार? वाहत्या कानात तेल नको, एवढंच.

बहिणीला सांगितलं, बाटली ठेवून दे. स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपत राहा, अंघोळीचं पाणी कानात जाऊ देऊ नकोस. कानामागे सूज, ताप, चक्कर किंवा तोंड वाकडं होताना दिसलं तर रात्र असली तरी निघ. आज सकाळी कान-नाक-घसा डॉक्टरांनी आत बघितलं. पडद्याला भोक आहे.