ज्यांना काही झालं नाही, त्यांनाही विचारा

रविवारी दादाचा फोन आला तो तक्रार घेऊनच. त्याची मुलगी कोल्हापुरात एमबीबीएसला आहे. अभ्यासक्रमाप्रमाणे तिला करवीर तालुक्यातल्या एका गावातली काही कुटुंबं दत्तक दिली आहेत. घरोघर जायचं, पाणी कुठलं पिता, घरात कोण आजारी पडलं, विचारून लिहून आणायचं. "पोरीला डॉक्टर करायला घातलीया का गटारं मोजायला?" दादा म्हणाला. "तेवढ्या वेळात पीजीच्या क्लासचे दोन व्हिडिओ बघून झालं असतं." पालकांच्या ग्रुपवरही म्हणे हेच चाललंय. साथरोगशास्त्र पुस्तकात आहे, वाचलं की झालं.

वाचलं की होत नाही. हे मी दादाला फोनवर नीट सांगू शकले नाही, चिडले फक्त, म्हणून इथे लिहिते आहे.

लंडनला मास्टर्स करताना पहिल्याच आठवड्यात ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, संप होता. वरच्या ओव्हरग्राउंड रेल्वेने येऊन, पुढे रसेल स्क्वेअरपर्यंत चालत, ओल्या कोटानेच वर्गात बसले. व्याख्यान नव्हतंच. प्रत्येकापुढे ७५ ओळींचा तक्ता आणि पेन्सिल. १८ एप्रिल १९४० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात चर्चचं जेवण झालं. ८० जण जेवले, ७५ जणांची चौकशी झाली, त्यांतले ४६ आजारी. कशामुळे, ते शोधा.

आजारी पडलेल्यांपैकी २९ जणांनी हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, खाल्लं होतं. आमच्या टेबलावर लगेच ठरलं, हॅमच. शिक्षिका एवढंच म्हणाल्या, "ज्यांनी खाल्लं नाही त्यांचं काय झालं?" मोजलं. हॅम खाल्लेल्या ४६ पैकी २९ आजारी, न खाल्लेल्या २९ पैकी १७. म्हणजे ६३ टक्के आणि ५९ टक्के. हॅम सुटलं. मग एकेक पदार्थ करत व्हॅनिला आइस्क्रीमवर आलो. खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. ऐंशी टक्के आणि चौदा टक्के! पेन्सिल खाली ठेवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

कारण मला शिवाजी पेठेतला एक आचारी आठवला. मी आठवीत होते. तालमीच्या महाप्रसादानंतर आमच्या आळीत उलट्या-जुलाब सुरू झाले. जो भेटेल तो आजाऱ्यांनाच विचारायचा, काय खाल्लं? सगळे म्हणायचे, बासुंदी. बासुंदी तर सगळ्यांनीच खाल्ली होती, धडधाकट होते त्यांनीही. पण त्यांना कोण विचारतो? आचाऱ्याला त्यानंतर आमच्या भागात काम मिळालं नाही. आमच्या आबांनीही त्याचं नाव चार घरी सांगितलं. दोष त्याचा असेलही, नसेलही. कुणी मोजलंच नाही.

इथे इंग्लंडमध्ये मोजायची सवय आहे, हे मी ठासून सांगते. १८५४ च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो लंडनच्या सोहो भागात फिरला, तो नुसता मेलेल्यांच्या घरी नाही. त्याचा संशय रस्त्यावरच्या पाण्याच्या एका पंपावर होता. त्या पंपाजवळच्या वर्कहाउसात, म्हणजे गरिबांना ठेवायच्या आश्रमात, ५३५ माणसं, पण मृत्यू फक्त पाच. तिथली विहीर वेगळी होती. शेजारच्या दारूभट्टीतल्या कामगारांत एकही दगावला नाही, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरं, पण पाण्यावर बोट ठेवता आलं ते या वाचलेल्या माणसांमुळे. दादा म्हणेल, तुमच्याकडे जीपीची, म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळवायला सकाळी आठला फोन धरून बसावं लागतं, ते सांग की. ते वेगळं.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली. पंचगंगेच्या पाण्यावर आपण दर उन्हाळ्यात भांडतो. ज्या जिल्ह्यात २०१९ आणि २०२१ ला घराघरांत पुराचं पाणी शिरलं, तिथल्या डॉक्टरला लोक पाणी कुठनं भरतात हे माहीत नसून कसं चालेल?

पण दादाला मी एक सांगितलं नाही. आमच्या वेळीही सर्व्हे होता. बसने गावात नेऊन सोडायचे. मी पहिली दोन घरं केली, ऊन लागलं म्हणून परत बसमध्ये बसले, आणि उरलेले फॉर्म हॉस्टेलवर मैत्रिणीचे बघून भरले. माणसांची वयं, जुलाब झालेली पोरं, सगळं मनाने. त्या गावाचं नावही आज आठवत नाही. लंडनच्या वर्गात मात्र "साथ जवळून कुणी पाहिली आहे?" म्हटल्यावर मीच हात वर केला, इचलकरंजीचं सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे आदराने बघत राहिले. त्या साथीत मी एकाही घराचं दार वाजवलेलं नव्हतं.

काल भाचीशी बोलले. म्हणाली, "आत्या, मी गेलतो काल सर्व्हेला. एक आजी फॉर्म भरू देईना. म्हणाली, आधी सांग, कुणाची गं तू?" गेलतो. मीही असंच बोलायचे. आता माझ्या तोंडी 'गेले होते' येतं, ते कधी बदललं कळलं नाही. आणि कुणाची तू, हे मला इथे अकरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

तिला माझ्या फॉर्मचं खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मे महिन्यात ये की. माझ्यासंगं चल. ज्यांच्या घरात कोण आजारी नाही ती घरं तू घे."