कराचीची बीसी बिनव्याजी असते म्हणतात. नंबर बघा, मग बोलू

आपल्याकडे जी भिशी, तीच कराचीत बीसी. लाहोरकडे कमेटी म्हणतात, कराचीत दोन्ही शब्द चालतात. 1936 पर्यंत सिंध मुंबई प्रांतातच होता, त्यामुळे शब्दांचं हे साटंलोटं बघून दचकायला नको. कराचीत घरकाम करणाऱ्या बाईलाही 'मासी' म्हणतात, आपल्या मावशीचीच बहीण ती.

पाकिस्तानबद्दल आपल्याकडे क्रिकेट आणि लष्कर सोडून काही लिहिलं जात नाही. पण तिथलं मध्यमवर्गीय घर महिन्याच्या दहा तारखेला कशावर चालतं हे समजून घ्यायचं तर बीसी समजून घ्यावी लागते. मुलीचं लग्न, शाळेची वर्षाची फी, घरभाड्याचा अॅडव्हान्स, उमरा म्हणजे मक्केची यात्रा, 70 सीसीची मोटारसायकल, सगळं बीसी 'खुलली', म्हणजे आपला नंबर लागला, की होतं. आणि तिची सगळ्यात मोठी कीर्ती अशी की ती सूदरहित, म्हणजे बिनव्याजी. माझा वाद या कीर्तीशीच आहे.

आधी यंत्रणा. बारा माणसं, दरमहा 10,000 रुपये, एकूण 1,20,000. पगार एक तारखेला होतात, म्हणून पाच तारखेपर्यंत वसुली आणि दहाला वाटप. दर महिन्याला एकाला पूर्ण रक्कम. क्रम ठरवायचे दोन मार्ग: पर्ची काढायची, म्हणजे कुरा अंदाजी, किंवा बीसी चालवणाऱ्या बाजीने, म्हणजे ताईने, गरज बघून नंबर द्यायचे. ज्याला 10,000 झेपत नाहीत तो कुणासोबत 'आधी', म्हणजे अर्धी, बीसी घेतो, दोघांत एक नंबर. पहिला नंबर बहुतेक ठिकाणी चालवणारीचा असतो. कुणी हप्ता चुकवला तर तिने पदरचे भरायचे असतात, त्याचा हा मोबदला.

बाजारातली बीसी वेगळी. जोडिया बाजार, बोल्टन मार्केट या भागांत दुकानदारांची रोजची बीसी चालते, कारण त्यांचा गल्ला रोजचा. तीस दुकानं, रोज 1,000, दर दहा दिवसांनी 3,00,000 चा एक नंबर, म्हणजे चक्र 300 दिवसांचं. इथे पैसे गोळा करायला माणूस फिरतो. दुकान दोन दिवस बंद दिसलं की तो तिसऱ्या दिवशी घरी पोचतो. महिन्याच्या बीसीत माणूस बुडतोय हे तीस दिवसांनी कळतं, रोजच्या बीसीत दोन दिवसांत. हा फरक व्याजाच्या दराहून मोठा आहे.

आता मूळ मुद्दा. समजा महागाई महिन्याला 2 टक्के आहे. पाकिस्तानात मे 2023 मध्ये वार्षिक दर 38 टक्क्यांच्या आसपास गेला होता, म्हणजे मी सौम्यच आकडा धरतोय. बारा महिने दहा-दहा हजार भरले की पहिल्या महिन्याच्या किमतीत ते साधारण 1,07,900 होतात. पहिल्या नंबरवाल्याच्या हातात 1,20,000 आले, म्हणजे तो 12,100 ने वर. बाराव्या नंबरवाल्याच्या हातातही 1,20,000 च आले, पण पहिल्या महिन्याच्या किमतीत त्यांची लायकी 96,500. तो 11,400 ने खाली. कुणी कुणाला एक पैसा व्याज दिलं नाही, तरीही बाराव्याने पहिल्याला कर्ज दिलं आणि वर त्याचं मोलही आपणच भरलं. नंबर हेच व्याज. जी बाजी नंबर ठरवते, ती नकळत प्रत्येकाचा व्याजदर ठरवते.

म्हणूनच आपल्याकडच्या लिलावाच्या भिशीचा मला राग येत नाही. घाई असलेला 1,20,000 मधले 8,000 सोडतो, बाकीचे ते वाटून घेतात. व्याज उघड, चार लोकांसमोर. तिथे मात्र बोलीच्या कमेटीला उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, स्पष्ट नकार आहे, कारण दिलेल्याहून कमी-जास्त घेणं आलं की सूद आला. 'लकी कमेटी'ही नाजायज धरतात. त्यात ज्याचं नाव निघालं त्याला मोटारसायकल मिळते आणि त्याचे पुढचे हप्ते माफ होतात. तो सरळ जुगार आहे, त्यावर माझं दुमत नाही. पण समान रकमेची साधी बीसी धर्माला चालते म्हणून ती हिशेबालाही समान आहे, असं कसं म्हणणार?

आता जकातीचं बघा, म्हणजे मुसलमानाने मालमत्तेतून दरवर्षी द्यायच्या धर्मदानाचं. इथे धर्मशास्त्र हिशेब अगदी नेमका करतं. सहा हप्ते भरले आणि नंबर लागला नाही, तर ते 60,000 लोकांकडून येणं आहे, ते मालमत्तेत धरायचं. नंबर पहिल्यालाच लागला असेल तर आलेल्या रकमेतून उरलेले हप्ते देणं म्हणून वजा करायचे. मग येईल त्यावर, निसाबच्या, म्हणजे जकात लागण्याच्या किमान मर्यादेच्या, वर असेल तर, अडीच टक्के. म्हणजे लवकर घेतलेला पैसा हे कर्ज आहे, हे तिथे मान्यच आहे! 1980 च्या अध्यादेशानुसार बँका रमजानच्या पहिल्या तारखेला बचत खात्यांतून जकात कापतात, म्हणून कित्येक जण त्याआधीच पैसे काढून ठेवतात. बीसीत गुंतलेल्या पैशाला ती कात्री लागत नाही, तिथे माणूस आणि त्याची नियत.

नंबरांना हंगाम असतो हे बाहेरच्यांना कळत नाही. डिसेंबर लग्नांचा महिना, परदेशातले नातलग सुट्टीवर येतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचे नंबर सगळ्यांना हवे. हॉलचा अॅडव्हान्स आधी, मग मेहंदी, बारात, वलीमा म्हणजे वराकडची मेजवानी. रमजान-मोहरममध्ये लग्नं नसल्यासारखीच, त्या वेळचा नंबर सहज अदलाबदलीत मिळतो. बकरी ईदेसाठी बीसी टाकणारे मात्र हमखास फसतात. पगार इंग्रजी महिन्याचा आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे: 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जून, 2025 ला 7 जून. 2024 च्या ईदेनंतर जूनअखेरीस बारा महिन्यांचं चक्र सुरू केलं तर 2025 च्या जूनच्या वाटपाआधीच ईद होऊन जाते, आणि शेवटच्या नंबरवाल्याचा बकरा मंडीतच राहतो. जाणकार बाजी कुर्बानीची बीसी दहाच महिन्यांची ठेवते. पैसे कमी असतील तर गाईत हिस्सा, सात हिस्से असतात.

बुडते कुठे? जवळजवळ नेहमी सुरुवातीच्या नंबरांत. पैसे मिळाले, नोकरी गेली किंवा घर बदललं, फोन बंद. म्हणून अलिखित नियम: नवा सदस्य शेवटी, भाडेकरू मागे, सरकारी नोकरीवाला पुढे. न्याय म्हणून हे वाईट आहे, कारण ज्याच्याकडे सर्वात कमी आहे त्यालाच सर्वात महाग नंबर मिळतो. मासीचंच बघा. ती हजार-दोन हजारांच्या बीसीत असते आणि बहुधा मागच्या नंबरावर. बीसी चालवणाऱ्या काही जणी लवकर नंबर घेणाऱ्याकडून सही केलेले पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवतात. देणं फेडायला बेइमानीने दिलेला चेक न वटणं हा पाकिस्तानी दंडसंहितेच्या 489-एफ कलमाखाली फौजदारी गुन्हा आहे, तेवढा धाक पुरतो.

व्हॉट्सअॅपने घोळ वाढवला. पैसे ईझीपैसा, जॅझकॅश किंवा रास्त अशा मोबाइल पेमेंटवरून येतात, ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो आणि तो खोटाही असतो. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय वहीत टिक करायची नाही, हा नियम मोडला की गोंधळ. त्याहून मोठा धोका म्हणजे एकाच माणसाने एकाच वेळी वीस-पंचवीस बीस्या चालवणं. एका बीसीची तूट दुसरीतून भरायची, इसकी टोपी उसके सर. 2022 च्या अखेरीस कराचीत ऑनलाइन कमेट्या चालवणाऱ्या एका बाईचं सगळं असंच कोसळलं आणि सुमारे 42 कोटी रुपये अडकल्याच्या बातम्या आल्या. तिच्या सदस्यांपैकी अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. बीसीचं तारण ओळख असते. तीच काढून टाकली तर उरतो फक्त अॅडमिनचा फोटो.

इतकं बोलून मी बीसीच्या बाजूचाच आहे. बचत खात्यातला पैसा दीर मागतो, भाऊ मागतो, नवराही मागतो. 'बीसीत अडकलेत' म्हटलं की विषय संपतो. बाईच्या हातातलं हे फार मोठं हत्यार आहे आणि शेवटचा नंबर मुद्दाम मागून घेणाऱ्या कितीतरी जणी याच कारणासाठी घेतात. अकरा हजारांचा तोटा त्यांना कळत नाही असं नाही, घरच्यांपासून पैसा वाचवायची ती फी आहे.

फक्त नंबर उघड ठरवा आणि पुढच्या चक्रात क्रम उलटा करा. बारावा तेराव्या महिन्यात पहिला होतो, म्हणजे सलग दोन महिन्यांत 2,40,000 हातात, अख्खं लग्न निघतं. पहिल्याला मात्र पुढचा नंबर चोविसाव्या महिन्यात. तो पहिलं चक्र संपताच 'हाथ तंग है' म्हणून बाहेर पडणार, हे गृहीत धरा. त्याची दोन्ही चक्रांची हमी पहिली रक्कम हातात देण्याआधी घ्यायची, नंतर नाही.