जरा विहिरीवर जाता का?

सोसायटीच्या सेक्रेटरीला पगार नसतो. शिव्या मात्र वेळेवर मिळतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी १४ दिवस नोटीस काढायची, आणि नेमकं तेव्हाच चेअरमनना सुचलं, "सोसायटीच्या सगळ्या मेल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. नेट गेलं तरी वाचता आल्या पाहिजेत."

मेलचा प्रोग्रॅम मागच्या सेक्रेटरींनी टाकून ठेवला होताच. नाव टाकलं, पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. 'पासवर्ड चुकीचा.' एकेक बटण मोजून दाबलं. तरी चुकीचा. मग भाच्याला फोन.

"मामा, नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा, म्हणजे ॲप पासवर्ड काढा."

तो काढायला ओटीपी लागतो. ओटीपी खजिनदारांच्या मोबाइलवर. खजिनदार गणपतीला गावी, कणकवलीच्या पुढे, आणि रेंज फक्त विहिरीच्या काठावर. "थांबा, विहिरीवर जातो," म्हणाले. ते पोचेपर्यंत पहिला ओटीपी मेला. दुसरा आरतीत बुडाला. तिसरा त्यांनी झांजांच्या वर आवाज काढून ओरडून सांगितला.

ॲप पासवर्ड म्हणजे चार-चारच्या गटात सोळा अक्षरं, ना शेंडा ना बुडखा. एकदाच दिसतात, पुन्हा नाही. घाईत समोरच्या पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतली. माझ्या हस्ताक्षरात जी आणि क्यू जुळे भाऊ, त्यामुळे चौथ्या प्रयत्नात आत शिरलो.

पुढे पोर्ट. मला पोर्ट म्हटलं की भाऊचा धक्का आठवतो. इथे मेल यायचा धक्का ९९३, जायचा ५८७. आणि मग प्रश्न : मेल आणायच्या दोन पद्धती, आयमॅप की पॉप? भाचा जेवायला बसला होता. पॉपसमोर 'मेल या कॉम्प्युटरवर उतरवा' असं लिहिलेलं. चेअरमनचेच शब्द! पॉपवर टिचकी मारली. ९९३ चं आपोआप ९९५ झालं. म्हटलं, दोन जास्तच मिळाले.

मेल धडाधड उतरू लागल्या. लिफ्टची कोटेशनं, टाकी साफ केल्याची बिलं, कबुतरांविषयी ए-विंगची अकरा पत्रं. २,३१८ मेल. मी चहा मागवला.

चहा यायच्या आधी कणकवली आली. "सेक्रेटरी, माझ्या फोनवर एकही मेल नाही! सभेच्या तोंडावर हिशेबाच्या मेल गायब? सभासद काय म्हणतील?"

भाच्याचं जेवण झालं होतं. "मामा, पॉप मेल खाली उतरवतो आणि सर्व्हरवरची प्रत पुसतो. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केली नाहीत?"

"उपाय?"

"आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात. तेच खातं आयमॅपनं पुन्हा जोडा आणि उतरलेल्या मेल ओढून परत वर टाका. तोच ॲप पासवर्ड चालेल."

पावतीपुस्तक उघडलं. ती पावती नव्हती. दुपारी बी-विंगच्या काकू मेंटेनन्स भरायला आल्या होत्या, आणि मीच सही-शिक्क्यानिशी ती त्यांना फाडून दिली होती. काकू तिथूनच रिक्षा करून लेकीकडे गौरी जेवायला गेल्या होत्या, मोबाइल देवघरात ठेवून. म्हणजे नवा पासवर्ड. म्हणजे ओटीपी.

खजिनदारांना फोन लावला. पलीकडे अजून "हे कोणी केलं?" चाललं होतं. ते श्वास घ्यायला थांबल्यावर मी म्हटलं, "ते सांगतो हो. आधी जरा विहिरीवर जाता का?"