फुकटच्या खतात मीठ कालवू नका

"निगमचं फुकट खत घेऊ नका, त्यात शिसं आणि रोगजंतू असतात. घेतलंच तर 5 किलो खतात दोन मुठी मीठ घालून 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सगळं विष निघून जातं." इंदूर नगर निगमच्या (महानगरपालिकेच्या) ओल्या कचऱ्याच्या खताबद्दलचा हा मेसेज मराठी ग्रुपांवरून फिरत फिरत सुदामा नगरातल्या मावशींकडे पोचला आणि मिठाची बरणी गच्चीवर गेली. आता लिहिणं भाग आहे.

आधी मीठच. दोन मुठी म्हणजे शंभरेक ग्रॅम. 5 लिटर पाण्यात ते लिटरला 20 ग्रॅम झालं. समुद्राच्या पाण्यात 35 असतं. म्हणजे तुळशीला निम्म्याहून जास्त समुद्र पाजायचा! बाहेर क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा करपतात, आणि मग "बघा, खतानंच जळालं" म्हणायला सगळे मोकळे. त्यात आपली माळव्याची काळी माती. मिठातल्या सोडियमनं तिचे कण सुटतात, भिजली की राड, वाळली की वीट. बरं, शिसं तरी जातं का? मिठानं नाही जात. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचं तर उलटंच होतं: मिठातलं क्लोराइड त्याला मातीपासून सोडवतं आणि ते मुळांत जास्त शिरतं. ज्या विषाची भीती घातली तसलंच झाडात चढवण्याचा हा उपाय.

धातूंच्या भीतीत अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात गेले तर धातू खतात उतरतात आणि कुजून नाहीसे होत नाहीत. म्हणून तर 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खताला मर्यादा आहेत: किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, पारा 0.15. खत फुकट असलं तरी तपासणीचा अहवाल मागायला लाजू नका. तो नसेल तर खत फुलझाडांना घाला, पालक-मेथीला नको. काचा-प्लास्टिक घरीच चाळून काढा.

रोगजंतू? ढीग 55 अंशांच्या वर काही दिवस तापला आणि नीट उलटला गेला की बहुतेक मरतात. खरी अडचण कच्च्या, म्हणजे पुरतं न कुजलेल्या खताची, आणि तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून 3 दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर ते कच्चं. महिनाभर ओलसर ठेवा, आठवड्याला उलटा. पक्क्या खताला पावसाच्या मातीचा वास येतो. कुंडीत तेही एक भागच घाला, माती तीन भाग. नुसत्या खतात लावलं तर ते बसत जातं आणि मुळं उघडी पडतात.

"उष्ट्याचं खत तुळशीला चालत नाही" हेही त्या मेसेजमध्ये आहे. माती होईस्तोवर कुजलेल्याला उष्टं म्हणायचं तर सगळी जमीनच उष्टी.

मीठ घालून झालं असेल तर नुसतं पाणी ओतत बसू नका, काळ्या मातीतून ते लवकर उतरत नाही. रोप काढा, मुळं साध्या पाण्यात हलकेच धुवा, नव्या मातीत लावा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा. ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.