आय हॅव सॉ

चीनमधल्या शेन्झेनच्या ऑफिसात एकटाच भारतीय असलं की लोक तुम्हाला इंग्रजीचा मालकच समजतात. कुणाचाही मेल क्लायंटला जायच्या आधी माझ्या डेस्कवरून जातो. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, पण ऐकतंय कोण.

शेजारची कलीग रोज लिहिते, 'आय हॅव सॉ युअर ड्रॉइंग.' मी सॉ खोडून सीन करतो, ती विचारते का, आणि माझी बोलती बंद. तिच्या भाषेत पाहणे म्हणजे खान, काल पाहिलं तरी खान, उद्या पाहीन तरी खानच, फार तर मागे 'ल' नाहीतर 'ग्वो' चिकटवायचं की झालं, क्रियापदाच्या केसालाही धक्का नाही. अशा माणसाला सी-सॉ-सीन कुठल्या तोंडाने समजावणार?

बरं, पोरीचा अभ्यास नाही असंही नाही. यांच्याकडे असली क्रियापदं गट पाडून पाठ करतात, कट-कट-कट म्हणजे एएए, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट एबीबी, रन-रॅन-रन एबीए, सी-सॉ-सीन एबीसी. झोपेतून उठवलं तरी धडाधडा म्हणून दाखवेल. फक्त मेल लिहिताना बी आणि सीची अदलाबदल होते. तिचं म्हणणं, दोन्ही होऊन गेलेल्या गोष्टींसाठीच ना, मग दोन कशाला? मला विचाराल तर पॉइंट आहे.

परवा तर कहर. चहा घेताना माझ्यासमोर उभी राहून म्हणते, 'आय हॅव गॉन टू बेजिंग.' अगं बाई, बेजिंगला गेलीयस तर माझ्याशी बोलतंय कोण! रूप एकदम बरोबर, गो-वेंट-गॉन, पण जाऊन परत आलं की गॉन चालत नाही, बीन लागतं. चिनीत 'छ्यू ग्वो' म्हटलं की जाऊन आलो हे त्यातच आलं, तिने सरळ तेच उचललं होतं. म्हणाली, बीन तर टू बीचं ना? हो. आणि वेंट? तेही मूळचं गोचं नाही, वेंड नावाच्या जुन्या क्रियापदाचं, गोने दत्तक घेतलंय. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू हे सगळं मीच रात्री बसून ठरवलंय.

तरी घोटून घोटून गाडी रुळावर आणली. आणि काल अमेरिकन क्लायंटचा कॉल. माल लेट झालेला, साहेब वैतागून म्हणाले, 'आय शुड हॅव वेंट विथ द अदर सप्लायर.'

अख्खी मीटिंग रूम माझ्याकडे बघायला लागली. ऑर्डर हातची चाललीय याचं कुणालाच काही नाही, आणि कलीग वहीत लिहून मोकळी: गो-वेंट-वेंट, एबीबी.